प्रशिक्षक गेला, मंडप तिथंच

प्रति,
मा. संपादक

विषय : फुटबॉल क्लबांमधली प्रशिक्षकांची उचलबांगडी

महोदय,

युरोपातला मोसम सुरू झाला की आपल्या क्रीडा पानावर एक बातमी ठरलेली असते: अमुक क्लबनं प्रशिक्षकाला नारळ दिला. सोबत मान खाली घालून निघालेल्या माणसाचा फोटो. ज्यानं त्याला आणलं, लांबलचक करार दिला आणि न मागितलेले खेळाडू त्याच्या गळ्यात मारले, त्याचा फोटो काही छापून येत नाही. हे पत्र त्या न छापलेल्या फोटोबद्दल आहे.

मी रेल्वेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना इथल्या, नागपूरच्या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबचं सामान सांभाळायचो. क्लबचं नाव लिहीत नाही. एका मोसमात आम्ही तीन प्रशिक्षक पाहिले. मोतीबागच्या मैदानावर हाफटाइमला पोरं संत्र्याच्या फोडी चोखत बसली होती. प्रशिक्षक सांगत होते, लेफ्ट बॅकनं, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूनं, वर जायचं नाही. तेवढ्यात मंडपातून अध्यक्षांचा निरोप आला, त्याला वर पाठवा. पोरगं उभं राहिलं आणि म्हणालं, "सर, आइकू कोनाचं? तुमचं का मंडपातल्या भाऊचं?" सरांनी उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात सर गेले. भाऊ पुढची कितीतरी वर्षं त्याच खुर्चीत होते.

स्थैर्याचा विषय निघाला की इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांचं उदाहरण दिलं जातं. नोव्हेंबर 1986 मध्ये ते आले, पहिला चषक 1990 साली आणि लीगचं पहिलं विजेतेपद 1993 मध्ये मिळालं. मधल्या काळात प्रेक्षक त्यांना काढा म्हणून ओरडत होते, पण संचालक मंडळ हललं नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. पण 2013 च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा कारभार पाहणारे डेव्हिड गिल यांनीही पद सोडलं, हे फारसं कोणी बोलत नाही. वरचं घर आणि खालचं घर एकाच वेळी रिकामं झालं. त्यांच्या जागी आलेले प्रशिक्षक मोयेस यांना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. करार सहा वर्षांचा असला म्हणून धीरही तेवढा असतो असं नाही.

कोणी लंडनच्या चेल्सी क्लबकडे बोट दाखवेल. तिथं प्रशिक्षक भराभर बदलले, तरी 2012 आणि 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकलीच. खरं आहे. पण 2012 च्या संघात चेक, टेरी, लँपार्ड, द्रोग्बा ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र होती. कर्णधार टेरी तर फायनलला निलंबित होता, तरी ड्रेसिंग रूमची घडी मोडली नाही. शिवाय चुका निस्तरायला मालकाकडे पैसा होता. आपल्याकडे तोही नाही. एकानं तीन बचावपटूंच्या खेळासाठी पोरं घ्यायची, दुसऱ्यानं येऊन चार लावायचे, मग निम्मी पोरं बाकावर आणि त्यांचा पगार चालू.

लांब कशाला, आपलं विदर्भ क्रिकेट पाहा. चंद्रकांत पंडित 2017 मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि सलग दोन रणजी करंडक मिळाले. 2020 मध्ये ते मध्य प्रदेशला गेले, तेव्हा आता संपलं असं मलाही वाटलं होतं. पण 2024-25 चा करंडक इथल्याच मुशीतले प्रशिक्षक उस्मान घनी आणि कर्णधार अक्षय वाडकर यांनी जामठ्यावर उचलला. प्रशिक्षक बदलला, पण मागची यंत्रणा शाबूत होती.

भारतीय फुटबॉलकडे मात्र पाहवत नाही. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे रहीमसाहेब, यांच्या हाती राष्ट्रीय संघ 1950 पासून 1963 पर्यंत होता. 1951 आणि 1962 मध्ये आशियाई सुवर्ण, 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आणि आता? जुलै 2024 मध्ये मानोलो मार्केझ यांना राष्ट्रीय संघ दिला, तेव्हा एफसी गोवा हा क्लबही त्यांच्याकडेच होता. एका माणसाला दोन दुकानं सांभाळायला लावली आणि वर्षभरात त्यांचा जय महाराष्ट्र. नंतर आलेले खालिद जमील, ज्यांनी 2016-17 मध्ये मिझोरामच्या ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, काय करतील ते बघू. त्यांच्या डोक्यावर मंडप कोणाचा आहे, मला त्याचीच जास्त काळजी.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची बातमी छापाल तेव्हा खाली चार ओळी जास्त द्या. त्याला कोणी नेमलं, करार किती वर्षांचा होता, खेळाडू कोणी निवडले आणि ती निवडणारी व्यक्ती अजून खुर्चीत आहे का. जागा कमी पडली तर मान खाली घातलेला तो फोटो थोडा लहान करा.

आपला,
मोतीबागचा एक जुना प्रेक्षक
नागपूर