नाव न सांगता राबलेल्या हातांचे आभार

जपानहून आमच्या शाळेच्या भेटीला आलेले विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक सेवाग्रामची बापूकुटी पाहून मायदेशी परतले. या भेटीसाठी शाळेच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या, पण आपले नाव कुठेही येऊ नये असा आग्रह धरणाऱ्या सर्वांचे जाहीर आभार मानणे आम्हाला अगत्याचे वाटते.

भल्या पहाटे येऊन फक्कीने खो-खोचे मैदान आखणाऱ्या, खांब रोवणाऱ्या आणि सामना सुरू होताच शिट्टी मुलांच्या हाती देऊन बाजूला होणाऱ्या माजी खेळाडूंचे ऋण विशेष मोठे आहे. कारण मैदानावरील खेळाडूंना सांभाळून कसे घ्यावे, पाहुण्यांना नियम कसे समजावावेत आणि वादाचा निर्णय शांतपणे कसा द्यावा, हे आमच्या मुलींनी स्वतः पंच होऊन अनुभवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्याच वऱ्हाडाशेजारच्या आमच्या लेकरांनी हा वारसा पुढे न्यावा, असे मनापासून वाटते.

गोवऱ्यांवर रोडगे भाजून पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्या माय-माउलींचे आणि पाहुण्या मुलांना घरच्या लेकरांप्रमाणे मुक्कामाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबांचेही आम्ही अत्यंत ऋणी आहोत.