‘सर्व गाठींसाठी एकच प्रोब’ : मिनीप्रोबच्या विक्रीत झालेल्या दिशाभुलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व ग्राहकसेवा विभाग

विषय : एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या मिनीप्रोबची चुकीच्या तुलनातक्त्यावर झालेली विक्री, प्रोबमधील बिघाड आणि त्याबाबतच्या मागण्या

महोदय,

मी सोलापुरात पोटविकारांचा छोटा दवाखाना चालवतो. तुमच्या कंपनीकडून मी २० मेगाहर्ट्झचा मिनीप्रोब (साध्या दुर्बिणीच्या चॅनेलमधून आत घालायची सोनोग्राफीची बारीक नळी) आणि त्याला जोडायचा प्रोसेसर विकत घेतला. प्रोब बिघडला, एवढीच तक्रार असती तर तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरशी बोलून मी थांबलो असतो. पण ज्या तक्त्यावर ही विक्री झाली, त्यातल्या एका ओळीमुळे रुग्णाच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून हे पत्र.

तुमच्या माहितीपत्रकातल्या त्या तक्त्यात तीन रकाने आहेत : रेडियल दुर्बीण, लिनियर दुर्बीण (या दोन्ही सोनोग्राफीची सोय असलेल्या जाड दुर्बिणी) आणि मिनीप्रोब. गाठीचा थर ओळखणे, गाठीचे माप घेणे, रक्तवाहिनी ओळखणे, तपासणीसाठी तुकडा घेणे, या सगळ्या ओळींपुढे तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण आहे. फरक दाखवला आहे तो फक्त किमतीत आणि देखभालीत, आणि तिथे मिनीप्रोब वरचढ. तुमचे प्रतिनिधी मला म्हणाले होते, “डॉक्टर, तुमची साधी गॅस्ट्रोस्कोपीची दुर्बीण आहे ना, तिच्याच चॅनेलमधून हा प्रोब घाला. लिनियरचं सगळं काम यात होतं. पेशंटला पुण्या-हैदराबादला कशाला पाठवायचं?”

या शेवटच्या वाक्यावर मी प्रोब घेतला. माझ्याकडे बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून रुग्ण येतात, विजयपूर आणि कलबुर्गीकडूनही येतात. शहराच्या पूर्व भागातले यंत्रमाग कामगार येतात, विड्या वळणाऱ्या बायका येतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. पुण्याला किंवा हैदराबादला जायचे म्हणजे रुग्णाचा आणि सोबत येणाऱ्याचा, दोघांचाही खाडा. ती फेरी वाचावी, एवढाच माझा हेतू होता.

आता मूळ मुद्दा. दुर्बिणीतून पाहताना कधी कधी जठरात किंवा अन्ननलिकेत फुगवटा दिसतो, पण त्यावरचे अस्तर अगदी निरोगी असते. गाठ असते ती अस्तराखाली. नेहमीच्या चिमट्याने बायोप्सी घेतली तर वरचे अस्तर हाती येते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. अशा वेळी आतून सोनोग्राफी करावी लागते, कारण सोनोग्राफीत जठराची भिंत पाच थरांची दिसते आणि गाठ कोणत्या थरातून निघाली यावर पुढचे सगळे ठरते. तिसऱ्या थरातली पांढरी, चकचकीत गाठ बहुधा चरबीची, लायपोमा. ती तशीच सोडून देता येते. चौथ्या, म्हणजे स्नायूच्या थरातली काळपट गाठ दिसली की जिस्टची, म्हणजे कर्करोगाच्या वाटेने जाऊ शकणाऱ्या गाठीची, शंका घ्यावी लागते. आणि कधी कधी गाठ नसतेच. प्लीहा, यकृताचा डावा भाग किंवा भरलेले पित्ताशय बाहेरून जठराला दाबत असते आणि आत उंचवटा दिसतो.

लहान गाठीचा थर दाखवण्याचे काम तुमचा प्रोब चांगले करतो, हे मी स्पष्ट लिहितो. सेंटिमीटरभराची गाठ असेल तर २० मेगाहर्ट्झला भिंतीचे थर जाड दुर्बिणीपेक्षा जास्त बारकाईने दिसतात. अन्ननलिका अरुंद झाली असेल आणि जाड दुर्बीण पुढे जात नसेल तिथे, किंवा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, जिथवर तिरकस दृष्टीची लिनियर दुर्बीण नेणे अवघड असते, तिथे मिनीप्रोबच उपयोगाचा. हेच आणि एवढेच सांगून तुम्ही तो विकला असता तर मी समाधानाने वापरला असता.

पण ध्वनिलहरींची वारंवारता वाढली की बारकावा वाढतो आणि खोली घटते. २० मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे ऊतींत विरून जातात. रेडियल आणि लिनियर दुर्बिणी ५ ते १२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यामुळे त्या पाच-सहा सेंटिमीटर आतले पाहू शकतात. तुमच्या तक्त्यात वारंवारता तिन्ही रकान्यांत छापली आहे, खोली एकाही रकान्यात नाही. कंपनीच्या अभियंत्यांना हा संबंध माहीत नसेल, असे मी मानत नाही.

याचा परिणाम एका रुग्णाच्या बाबतीत काय झाला ते सांगतो. विड्या वळणारी, मध्यम वयाची बाई. काळी शौच होत होती, रक्त कमी झाले होते. जठराच्या वरच्या भागात मोठी गाठ, टोकाला लहानसा व्रण. प्रोब लावला तर गाठीचा अलीकडचा काठ स्वच्छ दिसला आणि पलीकडे नुसता अंधार. माप घेता येईना. पलीकडचा काठ खडबडीत आहे का, आत पोकळ्या आहेत का, गाठ शेजारच्या अवयवाला चिकटली आहे का, यातले काहीच सांगता येईना. गाठ दोन सेंटिमीटरच्या आतली की मोठी, यावर नुसते लक्ष ठेवायचे की पुढचे उपचार करायचे हे बरेचसे अवलंबून असते. म्हणजे जिथे निर्णय घ्यायचा, नेमक्या तिथेच प्रोबची नजर संपते. तिला शेवटी बाहेरगावी पाठवावेच लागले. एका तपासणीचा खर्च इथे झाला, दुसऱ्या तपासणीचा तिकडे.

तिकडे लिनियर दुर्बिणीतून सुईने तुकडा घेतला आणि जिस्टचे निदान पक्के झाले. हा तुकडा मिनीप्रोबने घेता येत नाही. साध्या दुर्बिणीचे चॅनेल बहुधा २.८ मिलिमीटरचे असते आणि प्रोबनेच ते भरून जाते. प्रोब बाहेर काढून चिमटा घालायचा तर सोनोग्राफी थांबते. मग एकाच जागी चावे घेत आत जायचे, तेही न दिसता. लिनियर दुर्बिणीत लहरींचे पाते दुर्बिणीच्या अक्षाला समांतर असते, म्हणून सुई गाठीत शिरताना सुरुवातीपासून टोकापर्यंत दिसते. रेडियल दुर्बिणीत ते अक्षाला आडवे असते. चहूबाजूंचे चित्र सुरेख मिळते, पण सुई त्या चित्रात एका ठिपक्यापुरती येते. म्हणजे ‘तपासणीसाठी तुकडा घेणे’ या ओळीपुढे खूण शोभते ती एकट्या लिनियरच्या रकान्यात. बाकीच्या दोन खुणा खोट्या आहेत.

तुकड्याचा एवढा आग्रह का, हेही लिहितो, कारण तुमच्या प्रतिनिधींनी “चित्रावरून कळतंच की” असे उत्तर दिले होते. जिस्ट आणि लायोमायोमा दोन्ही स्नायूच्या थरातून निघतात, दोन्ही काळपट दिसतात. एक कर्करोगाच्या वाटेने जाऊ शकते, दुसरी सहसा निरुपद्रवी असते. फरक कळतो पेशींवर सीडी ११७ आणि डॉग-१ या चाचण्या केल्यावर. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी जिस्टमधला किट जनुकाचा बिघाड दाखवून दिला आणि २००२ पासून त्यावर इमॅटिनिबच्या गोळ्या मिळू लागल्या. गाठ मोठी असेल तर आधी गोळ्या देऊन लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया, असा मार्ग आज उपलब्ध आहे. तो निवडायचा तर हाती पेशी हव्यात.

आता ती ओळ, जिच्यामुळे मी पत्र लिहायला बसलो : ‘रक्तवाहिनी ओळखणे’. यकृत आकसलेल्या रुग्णात जठराच्या वरच्या घुमटात फुगलेल्या शिरांचा झुबका कधी कधी हुबेहूब गाठीसारखा दिसतो. लिनियर दुर्बिणीत डॉपलर असतो. बटण दाबले की वाहते रक्त रंगात दिसते आणि हात जागीच थांबतो. तुम्ही मला दिलेल्या प्रोबमध्ये डॉपलर नाही. काळी, वळणदार पोकळी पाहून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. डोळ्यांपुढे तुमच्या तक्त्यातली खूण ठेवून एखाद्या नव्या डॉक्टरने त्या ‘गाठी’चा चावा घेतला तर रक्तस्राव टेबलावरच सुरू होईल. जिथे रक्तपेढी जवळ नाही अशा तालुक्याच्या गावी तो रुग्ण वाचेल का, याचे उत्तर तुमच्या विक्री विभागाने मला द्यावे. छपाईची चूक म्हणून हे सोडून देण्यासारखे नाही.

प्रोबच्या बिघाडाबद्दल थोडक्यात. चित्रात आधी एक काळी पट्टी आली, मग ती रुंदावत गेली आणि आता अर्धे वर्तुळ दिसतच नाही. तुमच्या इंजिनिअरांनी टोकातल्या द्रवात हवेचा बुडबुडा असल्याचे आणि आत फिरणारी तार दबल्याचे सांगितले, आणि कारण म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्याकडे बोट दाखवले. प्रोब वातानुकूलित खोलीत, तुमच्याच पेटीत, टांगून ठेवलेला असतो. नंतर कळवण्यात आले की प्रोब ‘खर्ची पडणारी वस्तू’ असल्याने वॉरंटीत बसत नाही. ही अट विक्रीच्या कोटेशनमध्ये नव्हती. तक्त्यात तर देखभालीपुढे ‘नगण्य’ असे छापले आहे. इतक्या बारीक नळीत सतत फिरणारी तार असलेले साधन नाजूक असणारच, ते मला मान्य आहे. मग तसे छापा.

आणखी एक. प्रोब आणि गाठ यांच्यामध्ये पाणी असावे लागते, हवेतून लहरी जात नाहीत. जठरात पाणी भरता येते. अन्ननलिकेत ते टिकत नाही, आणि गुंगीत असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यासाठी फुग्याचे आवरण लागते आणि ते वेगळे विकत घ्यावे लागते, हे मला पैसे भरून झाल्यावर सांगण्यात आले.

माझे म्हणणे असे आहे. हा तक्ता ताबडतोब मागे घ्या. नव्या तक्त्यात प्रत्येक साधनापुढे लहरींची खोली, सुईने तुकडा घेता येतो की नाही आणि डॉपलर आहे की नाही, हे ठळक अक्षरांत छापा. जुना तक्ता दाखवून ज्या ज्या डॉक्टरांना प्रोब विकला, त्या सर्वांना रक्तवाहिनीच्या ओळीबद्दल लेखी सावधगिरीची सूचना पाठवा; हे काम माझ्या पैशांच्या आधी करा. माझा बिघडलेला प्रोब विनामूल्य बदलून द्या, किंवा प्रोब आणि प्रोसेसर दोन्ही परत घेऊन पूर्ण रक्कम परत करा. रक्कम नव्या लिनियर दुर्बिणीच्या किमतीत वळती करण्याचा प्रस्ताव तुमच्या प्रतिनिधींनी तोंडी मांडला आहे. तो मला मान्य नाही, कारण ती दुर्बीण घेण्याची माझी आज ऐपत नाही.

मी हा दवाखाना स्वतः चालवतो आणि याच्यावरच माझी उपजीविका आहे. त्यामुळे ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला लागू होत नाही, असे उत्तर कृपया पाठवू नये. स्वयंरोजगारासाठी केलेली खरेदी त्या कायद्यात ग्राहकाचीच धरली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दावा दाखल करीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करीन. प्रोबच्या बिघाडाची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या, कार्यक्रमाकडे मी करतच आहे. त्यासाठी तुमच्या उत्तराची वाट पाहणार नाही.

सोबत कोटेशन, पावती, माहितीपत्रकातील तक्त्याची प्रत, बिघडलेल्या चित्रांचे छापील नमुने आणि इंजिनिअरांचा सर्व्हिस रिपोर्ट जोडला आहे. रुग्णाची ओळख पटेल असा सर्व मजकूर चित्रांवरून काढला आहे.

आपला,
पोटविकारतज्ज्ञ,
सोलापूर