तुमच्या रिपोर्टमधलं सी-पेप्टाइड

ड्रेस्डेन, नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हे सी-पेप्टाइड म्हणजे काय गं?" तेव्हा मी "लिहून कळवते" म्हटलं. घाईत सांगायची ही गोष्ट नव्हे, दिवसभर मी तेच तर बघत असते.

नववीच्या वर्गात तुम्ही रंगीत खडूंनी पेशी काढायचात. हिरवी अंतर्द्रव्यजालिका, तांबड्या तंतुकणिका, पिवळा गॉल्जी पिंड. प्रत्येकासमोर एका ओळीत कार्य. जिवंत पेशीत मात्र कुणाचंच काम एका ओळीत संपत नाही, ते पुढच्याच्या हातात जातं.

इन्सुलिनचंच बघा. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत, अंतर्द्रव्यजालिकेवर आधी ११० अमिनो आम्लांची सलग साखळी तयार होते. आत शिरताना पुढचं टोक कापलं जातं, उरतात ८६. मग साखळीची घडी बसते, तिला गंधकाचे तीन टाके पडतात. घडी चुकली तर साखळी तिथूनच मोडीत निघते. जमली तर गॉल्जीकडे रवानगी, आणि तिथून इवल्या पिशव्या सुटतात. एका पेशीत अशा सुमारे १०,००० असतात! पिशवीत आम्लता वाढते, जस्त भरलं जातं, आणि विकरं साखळीच्या मधला ३१ चा तुकडा कापून काढतात. तेच तुमचं सी-पेप्टाइड. राहिलं ५१ चं इन्सुलिन. (वजाबाकी करून तुम्ही ५५ म्हणाल, चार सांध्यावर गळतात.)

पिशवी फुटली की दोन्ही सारख्याच संख्येनं रक्तात उतरतात. इन्सुलिन यकृत बरंचसं लगेच काढून घेतं, सी-पेप्टाइड जास्त वेळ टिकतं. म्हणून तुमचं शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते त्यावरून कळतं. जालिकेपासून पिशवीपर्यंतचा हा रस्ता पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलेड यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडात, पाचकरस बनवणाऱ्या पेशींत, किरणोत्सारी अमिनो आम्लाचा माग काढून दाखवला. १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मी उंदराच्या पेशींत सी-पेप्टाइडलाच हिरवं चमकणारं प्रथिन जोडते. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके पेशीच्या कडेला जमतात, आणि साखर दिली की एकेक ठिपका लकाकून विझतो. बाबा, हे तुम्हाला एकदा दाखवायचंय.

पण पिशव्या फुटायच्या कधी, हे ठरवतात तंतुकणिका. साखरेपासून त्या एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, करतात, तो वाढला की पेशीपटलावरची पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत येतं, पिशव्या रित्या होतात. तुमची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी हीच दारं मिटवते, तंतुकणिकांच्या निरोपाची वाट न बघता. म्हणजे पोटात काही नसलं तरी इन्सुलिन सुटतं.

आई सांगत होती, गुरुवारी गोळी घेऊन तुम्ही अकरापर्यंत नुसत्या चहावर होतात, आणि हात थरथरायला लागले. ते यामुळेच. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे येत्या गुरुवारच्या आत डॉक्टरांना विचारा, आणि काय म्हणाले ते मला कळवा. तोवर खिशात खडीसाखर ठेवा.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी