दात कशानं घासता, हे विचारलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

ऑपरेशनआधी भूल देण्यासाठी तुम्ही रोज कितीतरी पेशंट तपासत असाल, आम्ही तुम्हाला आठवणारही नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई, पोटाला पट्टा, सोबत घाबरलेला मुलगा. काल आईचे टाके काढले. जखम कोरडी ठणठणीत आहे. घरी आलो आणि आधी हे लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. तिथं फॉर्म भरताना मान वर न करता विचारलं, "विडी, सिगारेट, दारू?" आई म्हणाली, नाही. ते खोटं नव्हतं. पुढं जखमेत पू झाला, टाके उसवले, दीड महिना ड्रेसिंग चाललं आणि वर्षभरात त्याच जागी हर्निया. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "घरी स्वच्छता पाळत नसाल." आईचं घर आरशासारखं लख्ख असतं, मॅडम. ते बोलणं तिला जखमेपेक्षा जास्त लागलं.

तुम्ही फॉर्म बाजूला ठेवलात. स्टूल ओढून जवळ बसलात, तिचा हात हातात घेतलात. मिसरीनं काळ्या पडलेल्या तर्जनीवरून अंगठा फिरवत विचारलंत, "आई, दात कशानं घासता?"

"मिसरीनं."

"दिवसातून किती वेळा?"

"चार-पाचदा. विड्या वळताना डुलकी येते तेव्हा पण."

व्यसन हा शब्द तुमच्या तोंडून आला नाही. तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच, धूर नसला तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, मग जखमेला रक्त पुरत नाही आणि ती भरत नाही, हे तुम्ही तिला नळाच्या तोटीचं उदाहरण देऊन समजावलंत. सोलापूरच्या बाईला पाण्याची गोष्ट लगेच कळते.

मला मात्र घाम फुटला. पहिल्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात तिची मिसरीची डबी मीच नेऊन दिली होती. कुणी एका शब्दानं विचारलं असतं तर नेली नसती.

हर्नियाला घाई नव्हती, म्हणून तुम्ही मिसरी सोडायला सांगून ऑपरेशन महिनाभर पुढं ढकलायला लावलंत. ऑपरेशनआधी साधारण ४ आठवडे सिगारेट-विडी सोडली तरी नंतरचा त्रास कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितल्याचं मी नंतर वाचलं. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, मिसरी घरोघरी आहे. मग हे विचारायचं इथं कुणाला कसं सुचत नाही? मिनिटभराचं तर काम. पण त्या मिनिटासाठी समोरच्या बाईकडं नीट बघावं लागतं, आणि गरिबाकडं तसं बघणारी माणसं फार थोडी भेटली आम्हाला.

पहिले आठ दिवस अवघड गेले. आई चिडायची, डोकं धरून बसायची, पोट साफ होत नाही म्हणायची. समोर सुपात तंबाखू, दिवसभर हात त्यातच, आणि तोंडात चिमूटभर नाही! कसं जमलं विचारलं तर म्हणते, "त्या पोरीनं माझं बोट धरलं होतं."

सोमवारी तपासणीला येतोय. सर्जनसाहेबांच्या आधी तुमच्याकडं जायचं, असं तिनं बजावलंय. बोटाचा काळेपणा बराच उतरलाय, तो तिला तुम्हाला दाखवायचाय.

आपला ऋणी,
एका विडी कामगार आईचा मुलगा, सोलापूर