आजीचे नाव लिहून घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आजीची रेशमी कोर, म्हणजे साडीच्या काठाला लावायची भरतकामाची पट्टी, घेऊन आई आणि मी नाशिकमधल्या आपल्या छोट्या संग्रहालयात येऊन गेलो, तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्याविषयी सांगत असते. म्हणून हे आभार चारचौघांत मानावेत असे वाटले.

आजी देवळालीत एका पारशी कुटुंबाकडे उमेदीची सगळी वर्षे स्वयंपाकाला होती आणि त्या घरच्या बाईंनीच ती कोर तिला दिली होती. आपल्याकडे येण्याआधी आम्ही ती एका मोठ्या संस्थेत नेली, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी घडीही न उलगडता विचारले, "ही वस्तू तुमच्या घरी आली कशी?" त्यांचा सूर ऐकून आईचा चेहरा उतरला, आणि तिने पिशवी मुकाट्याने उचलली.

प्रश्न आपणही तोच विचारलात. मात्र त्याआधी आईला बसायला खुर्ची दिलीत, तिचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत, नोंदपत्रावर सर्वांत वर आजीचे पूर्ण नाव लिहिलेत, आणि काना-मात्रा बरोबर आहे ना, हे पाहायला ते पत्र आईपुढे धरलेत. आजीचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठे लिहिलेले आईने पाहिले नव्हते.

मग भिंगाखाली आपण ते करकोचे, पूल ओलांडणारी चिना-चिनीची, म्हणजे चिनी स्त्री-पुरुषाची, जोडी आणि बारीक गाठींचा खाखा टाका दाखवलात. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन (आजचे ग्वांगझू) हे एकच बंदर खुले होते, तिथे मुंबईचे पारशी व्यापारीही कापूस आणि माळव्याची अफू विकत, परतीला चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणत, आणि पारशी स्त्रियांच्या गारा साड्यांचे हे भरतकामही त्याच व्यापारातून आपल्याकडे आले, हे आम्हाला प्रथमच कळले. अफूची बाजू आपण झाकली नाहीत, याचे मला विशेष वाटते. ज्यांच्या दानातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले, त्या सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या संपत्तीतही अफूचा मोठा वाटा होता, हे आपण दानाचे मोल कमी न करता सांगितलेत. "मग हे पापाच्या पैशाचे का हो?" असे आईने विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "ज्याने हे भरले त्या कारागिराचे नाव आता सापडायचे नाही. जिने जपले तिचे तरी लिहून ठेवू."

समोरच्या माणसाला आधी माणूस म्हणून वागवायला पैसा लागत नाही, मोठी इमारतही लागत नाही, आणि तरीही हे सौजन्य किती दुर्मीळ झाले आहे! आपल्या दोन खोल्यांत ते आहे.

कोर आपल्याकडेच ठेवावी, असे आईने ठरवले आहे. शाळेची मुले पाहायला येतील तेव्हा कोरीबरोबर आजीचे नावही त्यांना वाचून दाखवावे, एवढीच तिची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
देवळालीची एक वाचक