अळंबीची ओळख चौकटीत मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला त्र्यंबक-अंजनेरी परिसरातल्या पावसाळी भटकंतीवरचा लेख वाचला. वाटांचं वर्णन छान आहे. पण सोबत ‘रानातली अळंबी कशी ओळखाल?’ अशी चौकट दिली आहे, ती वाचल्यापासून मला चैन नाही. किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, शिजवताना लसूण किंवा चांदीचा चमचा काळा पडला नाही तर ती बिनविषारी, आणि पांढरी असेल तर भीतीच नाही, असं त्यात म्हटलं आहे. यातली एकही गोष्ट खरी नाही.

चांदीच्या चमच्याचं आमच्या घरात काय झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझा भाचा सकाळी गंगापूर रोडकडे फिरायला गेला आणि एका मोकळ्या प्लॉटमधल्या गवतातून पिशवीभर अळंबी घेऊन आला. पांढरीशुभ्र, बशीएवढी छत्री, वर तपकिरी खवले. चमचा घालून पाहिला, तो लख्ख राहिला. दुपारी जेवला आणि दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले. रात्रभर सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘त्यातलं एखादं उरलंय का?’ फ्रिजमध्ये एक होतं. त्याचा दांडा कापून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर वाटी झाकली. सकाळी कागदावर हिरवट भुकटीचा ठसा उमटला होता. ती विषारी जात होती. हिरवळीवर, बागेत, मैदानात पावसाळ्यात ती सर्रास उगवते आणि खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. मुलगा वाचला, कारण ही जात पोट बिघडवते, पण सहसा जीव घेत नाही.

जीव घेणाऱ्या जाती वेगळ्या, आणि त्यांची चाल फसवी. अमॅनिटा नावाच्या गटातल्या काही छत्र्यांचं विष पोटात गेल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. पुढे एखादा दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. हे विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही. त्याचा चांदीशी किंवा लसणाशी काही संबंध नाही. गोगलगाई आणि किडे ते खाऊनही जगतात. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन 13 जण दगावले.

माझं माहेर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर. पाऊस लागून महिना-दीड महिना झाला, मध्ये एखादी उघडीप मिळाली, की आई म्हणायची, ‘आज निघाली असतील.’ ती रानभर शोधत हिंडत नसे. तिची तीन वारुळं ठरलेली होती, तिच्या सासूने दाखवलेली. तिथेच जायची. अळंबी वरून ओढायची नाही. बोटं मातीत मनगटापर्यंत घालून लांब मुळासकट अलगद सोडवायची आणि खड्डा पुन्हा मातीने बुजवायचा. उमलून गेलेल्या छत्र्या तशाच ठेवायची. सागाच्या पानात बांधून आणलेली ती अळंबी चार पाण्यांत धुऊन कांदा-मिरचीवर परतली, सोबत नागलीची भाकरी असली, की आम्हा भावंडांना दुसरं काही लागत नसे. हे मी ओळखीची खूण म्हणून लिहीत नाही. आईला अळंबी ओळखता येत होती असं म्हणण्यापेक्षा तिला ती तीन वारुळं माहीत होती असं म्हणणं जास्त बरोबर. परक्या रानात दिसलेली, जवळजवळ तशीच असलेली छत्री तिने कधी हाताळली नाही. ‘ही आपली नव्हे,’ म्हणायची आणि पुढे चालू लागायची. मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहणाऱ्याला ‘ही आपली नव्हे’ म्हणता येत नाही, कारण त्याची आपली अशी एकही नसते.

वारुळावरची ही अळंबी वाळवीच्या आधाराने वाढते. वाळवी पालापाचोळा चावून वारुळात स्पंजासारखे गड्डे रचते, त्यांवर ही बुरशी पोसते आणि वाळवी तिच्यावर जगते. धिंगरी आणि बटण यांची शेड घालून शेती होते, हिची होत नाही. म्हणून वारूळ फोडलं की तिथली अळंबी संपली. गेल्या वर्षी त्र्यंबक रोडच्या अलीकडे एका उतारावर काठीने उकरून उघडं पाडलेलं वारूळ पाहिलं. आतले गड्डे पावसात भिजून काळे पडले होते, बाजूला चिप्सची पाकिटं. मला अक्षरशः रडू आलं. त्या उतारावर दर वर्षी येणाऱ्या बाईच्या घरात त्या पावसाळ्यात तेवढी भाजी कमी गेली असणार, आणि चार पैसेही.

ज्यांना ही चव घ्यायची आहे त्यांनी श्रावणात पेठ रोडला, त्र्यंबक रोडला रानभाज्यांचे वाटे लावून बसणाऱ्या बायकांकडून घ्यावी. त्या जे विकतात तेच घरी खातात. भाव पाडून मागू नये, आणि घेतलेली त्याच दिवशी शिजवावी.

माझी विनंती अशी. त्या चौकटीतल्या खुणा चुकीच्या आहेत, असा खुलासा तेवढ्याच ठळकपणे छापा. रानातली अळंबी खाऊन त्रास झाला तर घरगुती उपाय करत न बसता 108 ला फोन करावा, उरलेली अळंबी सोबत न्यावी, किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना सांगावं आणि मधे बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून घरी येऊ नये, हेही त्यात असावं. येत्या रविवारी अंजनेरीला पुन्हा गर्दी होईल, आणि आपली ती चौकट कित्येकांच्या मोबाइलमध्ये असेल. खुलासा शनिवारच्या अंकातच आला तर बरं.

आपली,
एक जुनी वाचक, पंचवटी, नाशिक