मॅग्नम हे पिस्तुलाचे नाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डेझर्ट ईगल या पिस्तुलावरचे टिपण वाचले. फोटो झकास. पण 'ऑटोमॅटिक मॅग्नम बंदूक' या तीन शब्दांतला एकही धड नाही. ती बंदूक नाही, पिस्तूल आहे. ऑटोमॅटिक नाही, सेमी-ऑटोमॅटिक आहे: पुढचे काडतूस आपोआप चढते, पण गोळी सुटते चाप ओढावा तेव्हा एकच. आणि मॅग्नम म्हणजे तर जादा दाबाचे काडतूस.

हा शब्द विलायती बंदूकवाल्यांनी मद्याच्या दीड लिटरच्या बाटलीवरून उचलला. (दारूचा दारूशी संबंध तो असा.) रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला तो लागला 1935 साली, स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या अमेरिकी कंपन्यांच्या .357 मॅग्नममुळे. गंमत म्हणजे गोळीची जाडी .38 स्पेशल या जुन्या काडतुसाच्या गोळीइतकीच. दाब मात्र कितीतरी जास्त, म्हणून कवच साडेतीनेक मिलिमीटर लांब केले. जुन्या .38 च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते चुकूनही बसू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. .44 मॅग्नम त्यानंतर वीस वर्षांनी आले.

ही सगळी काडतुसे रिव्हॉल्व्हरची, बुडाला कडा असलेली. मॅगझीनमध्ये रचली की कडेत कडा अडकते. शिवाय एवढा दाब नेहमीच्या पिस्तुलाच्या बांधणीला झेपणे कठीण. म्हणून अमेरिकेची मॅग्नम रिसर्च आणि इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीज यांनी 1980 च्या दशकात रायफलची युक्ती पिस्तुलात आणली; तेच हे डेझर्ट ईगल. नळीतला थोडा वायू खालच्या बारीक वाटेने नेऊन दट्ट्या ढकलायचा, आणि नळीचे बूड बंद करणारा बोल्ट फिरून कुलूप उघडायचे. ही वाट शिशाने बुजते, म्हणून उघड्या शिशाची गोळी त्यात घालत नाहीत. .50 चा नमुना भरतो सुमारे 2 किलो; मंडईतून तेवढे बटाटे एका हातात धरून आणून बघा. हे छापले असतेत तर वाचायला मजा आली असती.

एरवी मी पत्र लिहिले नसते. पण आमच्या लष्करात (ग्वाल्हेरच्या, सैन्याच्या नव्हे) परवान्याच्या हत्याराची हौस दांडगी. परवा एका वरातीत नवरदेवाच्या मामांनी कमरेचे पिस्तूल काढून दाखवले. "मॅग्नम है, भाऊसाहेब!" चष्मा पुसून पाहिले, तर स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, ठसठशीत .32; साधे लहान काडतूस. मी म्हटले, "मामा, हे मॅग्नम नाही." तर म्हणतात, "पेपरात आलंय."

दुरुस्ती छापाल तेव्हा अक्षर जरा मोठे घ्या. कात्रण मामांना नेऊन द्यायचे आहे.

आपला,
एक जुना वाचक
लष्कर, ग्वाल्हेर